किल्लीसाठी कव्हर निवडताना
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक. कृपया खरेदीपूर्वी वाचावे.)

ठाण्यात नौपाड्यातील आमच्या लहानशा कार्यशाळेत आम्ही घराच्या, स्कूटरच्या आणि मोटारीच्या किल्ल्यांसाठी कव्हरे तयार करतो. पुष्कळदा रंग आवडला म्हणून कव्हर घेतले जाते आणि घरी गेल्यावर किल्ली लॅचमध्ये पूर्ण बसत नाही असे लक्षात येते. तो हेलपाटा वाचावा, यासाठी हे पत्रक आहे.

किल्लीचे बोटांत धरायचे डोके वेगळे आणि कुलपात जाणारे पाते वेगळे. लॅचच्या बहुतेक किल्ल्यांमध्ये पाते डोक्याला मिळते तेथे एक खांदा असतो. तो कुलपाच्या तोंडाला टेकला, म्हणजे पात्यावरील खाचा आतील पिनांखाली नेमक्या येतात. कव्हराची कड या खांद्यापुढे एक मिलिमीटर जरी सरकली, तरी किल्ली तेवढीच बाहेर राहते, पिना जुळत नाहीत आणि घाईत असलेला माणूस जोर लावतो. पितळेची किल्ली अशा जोराने पिळवटते, आणि पुढे मूळ कुलूपच अडू लागते. म्हणून आमच्या प्रत्येक कव्हराची कड खांद्याच्या अलीकडेच संपते. ज्यांच्या सेफ्टी डोअरच्या जाळीतून हात घालून आतले लॅच उघडावे लागते, त्यांनी जाड किंवा रुंद कव्हर घेऊ नये. कपाटाच्या आणि लहान कुलपांच्या किल्ल्यांना कव्हराची गरज नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे; त्यांना रंगीत छल्ला पुरतो.

स्कूटरच्या किल्लीबाबत एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. अनेक स्कूटर आणि मोटरसायकलींच्या किल्लीछिद्रावर चोरी टाळण्यासाठी झडप असते आणि ती उघडण्यासाठी किल्लीच्या डोक्यात चुंबक असलेला एक लहानसा उंचवटा बसवलेला असतो. डोके संपूर्ण झाकणारे कव्हर घातले, की तो उंचवटा झडपेच्या खाचेत बसत नाही, आणि स्टेशनबाहेरच्या पार्किंगमध्ये, भर पावसात, कव्हर ओरबाडून काढण्याची वेळ येते. आपल्या किल्लीला असा उंचवटा असल्यास तेवढा भाग उघडा ठेवलेले कव्हरच मागावे.

मोटारीच्या रिमोट किल्लीसाठी सिलिकॉन किंवा चामडे योग्य ठरते, कारण रेडिओ लहरी या दोन्हींतून सहज जातात. ॲल्युमिनियमचे कव्हर दिसायला भारदस्त असले तरी धातू लहरी अडवतो, त्यामुळे दार उघडण्यासाठी गाडीच्या अगदी जवळ जावे लागू शकते. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्यांमध्ये किल्लीची बॅटरी उतरल्यावर बहुधा किल्लीच स्टार्टच्या बटणाला टेकवून गाडी सुरू करायची असते, आणि तेव्हाही मध्ये धातू असला तर अडचण होते. या कारणास्तव धातूची कव्हरे आम्ही बनवत नाही. पुष्कळ रिमोटमध्ये सीआर २०३२ ही ३ व्होल्टची, २० मिलिमीटर व्यासाची बटणासारखी बॅटरी असते. लहान मुलाने ती गिळल्यास दोन तासांतच अन्ननलिकेला गंभीर इजा होऊ शकते, म्हणून बॅटरी बदलण्यासाठी कव्हर उघडाल तेव्हा जुनी आणि नवी, दोन्ही बॅटऱ्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवाव्यात.

आता आपल्या हवेविषयी. सिलिकॉनचे कव्हर किल्लीला धक्क्यांपासून वाचवते, परंतु पाण्यापासून नाही. उलट आत शिरलेले पाणी तेथेच साचून राहते आणि लोखंडी भाग गंजतो. जून ते सप्टेंबर आठवड्यातून एकदा कव्हर काढून किल्ली आणि कव्हर, दोन्ही कोरड्या फडक्याने पुसावे. चामड्यावर पावसाळ्यात बुरशी धरते. ते सावलीत वाळवावे, उन्हात किंवा गॅसशेजारी नव्हे, आणि प्लास्टिकच्या पिशवीत कोंडून ठेवू नये. रेक्झिन स्वस्त पडते खरे, पण दमट हवेत त्याला लवकरच पोपडे सुटतात, म्हणून ते आम्ही ठेवत नाही.

खिशातील किल्ल्यांमुळे मोबाइलवर ओरखडे पडतात, ही तक्रार नेहमीची आहे. पितळ काचेपेक्षा मऊ असते; मोह्सच्या काठिण्यमापनात (आकडा जितका मोठा, तितका पदार्थ कठीण) पितळ ३ च्या आसपास आणि वाळूतील क्वार्ट्झ ७ वर असते. म्हणजे खरा दोष बहुधा जुडग्यात अडकलेल्या धुळीचा आणि वाळूच्या कणांचा असतो. त्यासाठी आम्ही खणाच्या कापडाचे, घंटेच्या आकाराचे कव्हर शिवतो: वरची दोरी ओढली, की सगळ्या किल्ल्या आत जातात. हे कव्हर महिन्यातून एकदा उलटे करून झटकावे, नाहीतर तीच धूळ आत साठते.

नक्षीमध्ये आमच्याकडे सर्वाधिक मागणी वारली चित्रांना आहे, आणि ते स्वाभाविकही आहे; १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा होईपर्यंत वारल्यांचे बरेचसे पाडे आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. गेरूच्या रंगावर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेषांचा तो साधेपणा राखण्यासाठी आम्ही एका कव्हरावर एकच आकृती घेतो: तारपा वाजवणारा, किंवा एखादे झाड. छपाईवर पारदर्शक थर दिला असल्यामुळे बोटांच्या घामाने ती लवकर झिजत नाही. पैठणीचा तुकडा हवा असेल तर तोही पारदर्शक थराखालीच बसवून घ्यावा. उघडी जरतार दोन-तीन महिन्यांत उसवू लागते.

एकसारख्या दिसणाऱ्या किल्ल्या ओळखण्यासाठी केवळ रंगावर विसंबू नये, कारण लाल-हिरव्यातील भेद सर्वांना दिसत नाही आणि जिन्यातले दिवे गेले तर कोणालाच दिसत नाही. घरात ज्येष्ठ मंडळी असतील तर एक, दोन किंवा तीन उठावदार ठिपक्यांची कव्हरे घ्यावीत. बोट फिरवताच किल्ली कळते. कव्हरावर फ्लॅटचा क्रमांक किंवा सोसायटीचे नाव आम्ही छापून देत नाही. हरवलेली किल्ली परत मिळावी यासाठी फार तर मोबाइल क्रमांक पुरेसा आहे. काही किल्ल्यांच्या डोक्यावर निर्मात्याने कोरलेला क्रमांक असतो. नवी किल्ली करताना तो लागू शकतो, म्हणून कव्हर बसवण्यापूर्वी तो घरी वहीत उतरवून ठेवावा.

माप घेण्यासाठी मूळ किल्ली सोबत आणावी. छायाचित्रावरून जाडी कळत नाही. माप आपल्यासमोरच घेतले जाते, किल्ली आम्ही ठेवून घेत नाही. घरी गेल्यावर दार उघडे ठेवून कव्हरासह किल्ली लॅचमध्ये चार-पाच वेळा फिरवून पाहावी, आणि किंचितही अडली तर जोर न लावता कव्हर परत आणावे. त्याची कड आम्ही विनामूल्य कापून देतो.