व्यापार, धंदा आणि दोन नंबर (खान्देशातील शब्दभेद)

जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत कायदेशीर आणि बेकायदा देवघेवीला बरेच शब्द आहेत. नियम नेमका कुठे मोडला, मालात, भावात, वाटेत की कागदात, यावर शब्द ठरतो.

सोन्याचा, केळीचा, मिरचीचा तो व्यापार. धंदा एकवचनात स्वच्छ असतो: दुधाचा धंदा, शेतीला जोडधंदा. अनेकवचनात तो डागाळतो. ‘त्याचे धंदे माहीत आहेत’ म्हटले की पुढे सांगावे लागत नाही. ‘अवैध धंदे’ म्हणजे मटका, जुगार, गावठी दारू.

काळाबाजारात माल खुला, भाव चोरटा: टंचाईत युरियाची ४५ किलोची गोणी छापील किमतीच्या वर विकणे. तस्करी वाटेची असते. नवापूर रेल्वे स्थानकाचा फलाट अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. गुजरातेत दारूबंदी असल्याने इकडे परवाना दुकानात विकलेली बाटली तिकडे चोरून नेली की तस्करीचा माल ठरते.

सर्वाधिक गल्लत कपाशीच्या बियाण्यात होते, आणि ती महागात पडते. बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळीला तोंड देणाऱ्या जनुक बदललेल्या कापसाला, २००२ मध्ये परवानगी मिळाली. तणनाशक सहन करणाऱ्या वाणाला ती नाही. हे विनापरवानगी बियाणे म्हणजे चोरबीटी. ते शंभर टक्के उगवले तरी बेकायदाच. बोगस म्हणजे मंजूर वाणाच्या नावाखाली विकलेले निकस बी. बनावट म्हणजे दुसऱ्याच कंपनीची हुबेहूब पिशवी. तिन्हींना सरसकट ‘बोगस’ म्हटल्याने तक्रार कच्ची राहते. पक्के बिल, त्यावर वाण व लॉट क्रमांक, लेबलासह रिकामी पिशवी आणि मूठभर बी राखले, तर तालुका तक्रार निवारण समितीपुढे उभे राहता येते. चोरबीटीला बिलच मिळत नाही. उगवण फसली की हाती कागद नसतो.

खेडा खरेदी या शब्दावर उगाच संशय घेतला जातो. गावात येऊन कापूस घेणारा व्यापारी परवानाधारक असेल, काटा वैधमापन विभागाने पडताळलेला असेल आणि पक्की पावती मिळत असेल, तर तो व्यवहार चोख आहे. चिठ्ठीवर आकडे लिहून, परवान्याशिवाय तोच कापूस उचलला की लोक त्याला ‘दोन नंबर’ म्हणतात.