घराच्या नूतनीकरणातील डिजिटल दृश्यांकन

घराची अंतर्गत रचना बदलण्यापूर्वी बदललेले घर संगणकावर आकारून पाहण्याची पद्धत. आहे त्या घराची मापे घेऊन मॉडेल तयार करायचे, त्यात भिंती, ओटा, कपाटे, दिवे आणि रंग बदलून बघायचे आणि तोडफोडीला हात घालण्याआधी निर्णय पक्के करायचे, असे तिचे स्वरूप आहे. बोलताना या सगळ्याला सरसकट ‘थ्रीडी’ म्हटले जाते. प्रत्यक्षात त्यात मापांचा प्लॅन, भिंतीचे समोरून काढलेले एलिव्हेशन, रंग-पोत नसलेले करडे मॉडेल, फोटोसारखे दिसणारे रेंडर आणि खोलीतून फिरवून आणणारा वॉकथ्रू असे निरनिराळे प्रकार येतात. प्रत्येकाचे काम वेगळे असते.

‘आधी’ आणि ‘नंतर’ शेजारी ठेवून गिऱ्हाइकाचे मन वळवण्याची युक्ती संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. इंग्लंडमधील उद्यानरचनाकार हम्फ्री रेप्टन (१७५२–१८१८) जमीनदारांना लाल बांधणीची पुस्तके करून देत असे. जलरंगातील चित्रावर कागदाची एक झडप असे. ती खाली असताना आहे तो परिसर दिसे आणि उचलली की सुचवलेला. पडद्यावर बोट सरकवून जुनी-नवी खोली दाखवणारी आजची सोय त्याच जातीची आहे. संगणकावर आकृती काढण्याची सुरुवात आयव्हन सदरलंड यांच्या ‘स्केचपॅड’ (१९६३) या प्रणालीने झाली. ‘ऑटोकॅड’ हे आराखडे काढण्याचे सॉफ्टवेअर १९८२ मध्ये आले आणि हे काम वैयक्तिक संगणकावर उतरले. जेम्स कजिया यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या समीकरणामुळे उजेड भिंतीवरून भिंतीवर कसा परावर्तित होतो याचे गणित बसले. रेंडर फोटोसारखे दिसतात ते त्याच्या जोरावर. २००० साली बाजारात आलेल्या ‘स्केचअप’मुळे आराखडे काढण्याचे शिक्षण नसलेल्या माणसालाही घराचे मॉडेल उभे करता येऊ लागले. २०१७ मध्ये ‘आयकिया’ या फर्निचर कंपनीच्या ‘आयकिया प्लेस’ या अ‍ॅपने मोबाइलच्या कॅमेऱ्यातून दिसणाऱ्या खोलीत खऱ्या मापाचे फर्निचर ठेवून दाखवले.

मापे. नूतनीकरणात पाटी कोरी नसते, त्यामुळे दृश्याची लायकी मोजणीवर ठरते. जुनी भिंत क्वचितच ओळंब्यात (सरळ उभी) असते आणि कोपरा क्वचितच गुण्यात (काटकोनात). तीन बाय चार मीटरच्या खोलीचे दोन्ही कर्ण बरोबर पाच मीटर भरायला हवेत. ते ४.९८ आणि ५.०२ भरले, तर खोली तिरकी आहे. तीन मीटरच्या भिंतीच्या टोकाशी हा तिरकेपणा सुमारे अडीच सेंटिमीटर होतो. मॉडेलमध्ये काटकोन गृहीत धरला असेल, तर भिंतीपासून भिंतीपर्यंतचे कपाट चित्रात चपखल बसते आणि जागेवर एका बाजूला फट सोडते किंवा आतच जात नाही. म्हणून प्रत्येक भिंत वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजतात आणि कर्ण घेतातच. २०२० पासून काही फोन आणि टॅबलेटमध्ये लायडार, म्हणजे लेसर किरणांनी अंतर मोजणारा सेन्सर, आला आहे. त्याने खोलीचा कच्चा आराखडा काही मिनिटांत मिळतो. जागेचा अंदाज घ्यायला तो पुरतो, पण त्यावरून कपाट कापायला देणे हा जुगार आहे.

चित्र कुठे फसवते. सगळ्यात मोठी हातचलाखी कॅमेऱ्याची. ३६ मिलिमीटर रुंदीच्या फ्रेमवर १८ मिलिमीटरची भिंग लावली, की आडवा दृश्यकोन ९० अंशांचा होतो; ५० मिलिमीटरला तो जेमतेम ४० अंश असतो. रुंद कोनात खोली ऐसपैस वाटते आणि समोरची भिंत लांब पळते. भरीला, संगणकात कॅमेरा भिंतीच्या पलीकडे ठेवून मधली भिंत अदृश्य करता येते, म्हणजे जिथे माणूस उभाच राहू शकत नाही तिथून खोली दिसते. डिझाइनरकडे चित्र मागताना कॅमेरा दाराशी, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवायला सांगावा. मग चित्र कमी देखणे निघेल, पण घर तेच असेल.

उजेडाचेही तसेच. एक्स्पोजर वाढवले की कोणतीही अंधारी खोली उजळते. उत्तर दिशा, अक्षांश, महिना आणि वेळ न भरता काढलेल्या चित्रातले ऊन शोभेचे समजावे. दिव्यांच्या बाबतीत २७०० केल्विनचा पिवळसर आणि ४००० केल्विनचा पांढरा प्रकाश एकाच रंगाची भिंत वेगळी दाखवतात. रंगाचा निर्णय तर पडद्यावर घेऊच नये. भिंतीवर हातभर चौकोन रंगवून तो दिवसा आणि दिवे लागल्यावर बघणे याला अजून पर्याय नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे चित्रात सगळे बंद असते. बाजूच्या भिंतीला चिकटवलेला फ्रिज रेंडरमध्ये सुबक दिसतो. त्याचे दार मॉडेलमध्ये उघडून पाहावे: ते भिंतीला अडून नव्वद अंशांवर थांबले, तर आतला भाजीचा कप्पा पूर्ण बाहेर येत नाही. समोरच्या ओट्याचा खण ओढला आणि मागून कुणाला जायचे असले तर? अशा प्रश्नांना करडे, रंगहीन मॉडेल बरे उत्तर देते, कारण तिथे लाकडाचा पोत आणि कुंडीतले रोप लक्ष वेधत नाहीत. गुळगुळीत रेंडर फार लवकर काढले तर चर्चा उशांच्या अभ्र्यांवर जाते आणि दार कुठे उघडावे हे ठरायचे राहते.

२०२२ नंतर फोटोवरून नवी सजावट रचून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने सर्रास वापरात आली. आवडनिवड बोलून दाखवायला ती कामाची आहेत. मात्र त्यांना माप कळत नाही. खिडकी सरकते, बीम नाहीसा होतो, कॉलमच्या जागी कोनाडा येतो.

दृश्यांकनात न येणाऱ्या गोष्टी. कोणती भिंत भार पेलते, हे चित्रावरून कळत नाही. भिंत पाडलेली दाखवणे हे एका क्लिकचे काम. ती पाडता येईल का, हे स्ट्रक्चरल इंजिनीअरने सांगायचे. गिलाव्याआडचे पाइप आणि वायरी, जलरोधक थर, हेही चित्राबाहेरच राहतात. न्हाणीघराची फरशी रेंडरमध्ये सपाट असते, प्रत्यक्षात तिला जाळीकडे एक ते दोन टक्के उतार द्यावा लागतो. दोन मीटरला तो दोन ते चार सेंटिमीटर होतो आणि उंबरठ्याची उंची त्यावर ठरते.

त्यामुळे सुतार, प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन यांच्या हातात रेंडर नव्हे, तर मापे लिहिलेले वर्किंग ड्रॉइंग द्यावे लागते. बदल होत जातात तसे दोन्हींवर तारीख आणि आवृत्तीचा क्रमांक टाकतात. चित्रात एक आणि ड्रॉइंगमध्ये दुसरे असे निघाले तर काय धरायचे, हे कंत्राटदाराशी आधीच लेखी ठरवलेले असावे. सहसा ड्रॉइंगवर लिहिलेला आकडा ग्राह्य धरतात, कागदावर पट्टी लावून काढलेले माप नाही.