भाव उतरत नाही, सौदा थांबतो : खानदेशातील घरविक्रीची पार्श्वभूमी

जळगाव, धुळे किंवा नंदुरबार येथे ज्याने आपले घर विकायला काढले आहे, त्याला सध्या दोन गोष्टी एकाच वेळी ऐकाव्या लागतात. दलाल सांगतो की गिऱ्हाईक नाही, आणि शेजारी सांगतो की भाव मागच्या वर्षीचाच आहे, एक रुपयाही सोडू नका. मागणी घटली की भाव खाली यावा, हा व्यवहाराचा साधा नियम; पण खानदेशात घराचा भाव निदान तोंडी तरी जागेवरून हलत नाही. मंदी दिसते ती सौद्यांच्या संख्येत, लांबत जाणाऱ्या इसाराच्या (सौदा ठरताना दिलेल्या आगाऊ रकमेच्या) मुदतीत आणि फाटकावर उन्हाने विटत चाललेल्या ‘घर विकणे आहे’ या पाटीत. याचे कारण गेल्या दोनशे वर्षांत या भागात घर, कापूस आणि रोकड यांचे जे नाते जमत गेले, त्यात शोधावे लागते.

शोधावे लागते असे म्हणण्याचे कारण, या बाजाराचे तयार मोजमाप कुठेच मिळत नाही. रिझर्व्ह बँकेचा घरकिमतींचा निर्देशांक बराच काळ देशातील १० शहरांपुरता होता; आता तो १८ शहरांचा झाला असला तरी महाराष्ट्रातून त्यात मुंबई, ठाणे, पुणे आणि नागपूर एवढीच नावे आहेत. राष्ट्रीय आवास बँकेने २००७ मध्ये सुरू केलेला ‘रेसिडेक्स’ हा घरकिमतींचा निर्देशांक ५० शहरांचा आहे, पण त्यातही खानदेशातील एकही शहर नाही. २०११ च्या जनगणनेत जळगावची लोकसंख्या सुमारे ४ लाख ६० हजार आणि धुळ्याची सुमारे ३ लाख ७५ हजार होती. एवढ्या वस्तीच्या घरबाजाराचा कल लोक पुण्या-मुंबईच्या बातम्यांवरून ताडतात, आणि तिथे भाव वाढल्याचे वाचून इथल्या रिंगरोडवरच्या प्लॉटची किंमत वाढवून सांगतात.

गिऱ्हाईक मिळत नाही ही तक्रार मात्र जुनी आहे. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे हे मुख्य ठिकाण निवडले आणि १८१९ पासून तिथे नवी पेठ आखली. आजही धुळेकर ज्या सरळ, समांतर गल्ल्यांची ओळख क्रमांकाने सांगतात, त्यांचे मूळ या आखणीत आहे. तोवर धुळे म्हणजे पांझरा नदी आणि पाटाचे पाणी यांच्यामध्ये बागायतीने वेढलेले एक लहानसे गाव होते आणि तिथे घर बांधायला कोणी सहजी तयार होईना. तेव्हा व्यापाऱ्यांना आणि इतरांना कायमच्या बिनसाऱ्याने जागा देण्यात आल्या, आणि पक्की घरे बांधता यावीत म्हणून गावातल्या जुन्या रहिवाशांना व बाहेरून येणाऱ्यांना आगाऊ रकमाही दिल्या गेल्या. फुकट जागा आणि वर बांधकामाला उचल, म्हणजे आजच्या भाषेत सवलत योजनाच.

पहिली खरी तेजी आणि तिच्या पाठोपाठची पहिली मंदी जळगावने पाहिली. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धामुळे इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि खानदेशच्या कापसाला अचानक सोन्याचा भाव आला. त्याच दशकात रेल्वेमार्गही या भागात पोहोचला. जळगाव कापसाची मोठी पेठ झाली. युद्ध संपताच भाव कोसळले आणि पेठेला जबर फटका बसला. व्यापार काही वर्षांत सावरला, शहर पुन्हा वाढू लागले, आणि इंग्रज अमलाची आठवण ठेवणारे पोलन पेठ हे नाव तर अजूनही जळगावकरांच्या तोंडी आहे. पुढे जळगावला आणि अमळनेरला कापडगिरण्या उभ्या राहिल्या, त्यांच्याभोवती कामगारांच्या चाळी वाढल्या. मात्र घर बांधण्याची ऐपत कापसाच्या भावावर ठरते आणि तो भाव आपल्या हातात नसतो, हा धडा त्या पहिल्या पडझडीतच मिळाला होता. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव पडले आणि कर्जापायी जमिनी हातच्या जाऊ लागल्या, तेव्हा तोच धडा अधिक कठोरपणे मिळाला. शेतकरी कर्जदारांना दिलासा देणारा कायदा मुंबई प्रांताला १९३९ मध्ये करावा लागला.

या साऱ्या काळात घर ही विकण्याची वस्तू नव्हती. खेड्यात मातीच्या भिंतींचे, धाब्याचे घर आणि पेठेत लाकडी खांबांचा वाडा, अशी दोनच रूपे होती, आणि दोन्ही वाटणीने पुढच्या पिढीकडे जात. वाडा विकला असे म्हणण्यात कमीपणा असे. आजही काही घरांत ‘विकला’ऐवजी ‘दिला’ असा शब्द वापरला जातो. बाजारभावाची कल्पना आली ती प्लॉटबरोबर. १९६३ चा मालकी सदनिकांचा कायदा मुख्यतः मुंबईतील फ्लॅटची फसवणूक रोखण्यासाठी झाला. त्या काळात खानदेशात फ्लॅट जवळजवळ नव्हतेच. इथे शिक्षक, रेल्वे कर्मचारी, सरकारी नोकर यांनी गृहनिर्माण सोसायट्या काढल्या, गावाबाहेरची शेतजमीन बिनशेती करून घेतली, ले-आऊट पाडला आणि चिठ्ठ्या टाकून प्लॉट वाटून घेतले. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात निवृत्तीच्या रकमेतून घर बांधण्याची रीतच पडली. काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे पाया खोल घ्यावा लागतो आणि खर्च वाढतो. म्हणून अनेकांनी प्लॉट आधी घेतला आणि घर दहा-पंधरा वर्षांनी, पैसा येईल तसे, खोली खोली करून बांधले.

पैसा येईल तसा, हे शेतकऱ्याच्या बाबतीत अक्षरशः खरे होते. १९७२ मध्ये महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली, म्हणजे कापूस सरकारी यंत्रणेलाच विकायचा. तिच्यात आधी हमीभावाची रक्कम आणि उरलेला भाव नंतर, अशा हप्त्यांनी पैसे मिळत, आणि गावच्या सहकारी सोसायटीचे पीककर्ज त्यातूनच वळते होत असे. घराचे बांधकाम त्यामुळे हप्त्यांच्या तालावर चाले. कर्ज न काढता, पिकाच्या वरकड पैशातून घेतलेला प्लॉट विकण्याची घाई कोणाला नसते, आणि आजच्या बाजाराच्या स्वभावाचे मूळ मला इथे दिसते. बँकेचा हप्ता डोक्यावर असलेला पुण्यातील मालक मंदीत भाव पाडून मोकळा होतो. खानदेशातील मालकाला कोणी विचारणारे नसते, तो थांबतो. २०२२ च्या आरंभी कापूस क्विंटलला १० हजारांच्या वर गेला, आणि पुढच्या हंगामात तोच भाव पुन्हा येईल या आशेने शेतकऱ्यांनी कापूस घरात भरून ठेवला. भाव उतरत गेला, कापूस पिवळा पडला, घरात साठवलेल्या कापसामुळे अंगाला खाज सुटली, तरी अनेकांनी तो महिनोन्महिने विकला नाही. घराच्या बाबतीत हाच माणूस वेगळा कसा वागेल?

१९९० नंतर या थांबण्याला सहकारी पतसंस्थांनी बळ दिले. जळगाव जिल्ह्यात त्यांचे जाळे गावोगाव पसरले, प्लॉट तारण ठेवून कर्ज सहज मिळू लागले आणि ले-आऊटचा धंदा तेजीत आला. नंतरच्या दशकात यांतल्या अनेक संस्था ठेवीदारांना पैसे परत करू शकेनात, तेव्हा तारण मालमत्तांचे लिलाव निघाले. याच पडझडीत ठेव पावत्यांचा एक विचित्र बाजार उभा राहिला : अडलेल्या ठेवीदाराची पावती दर्शनी रकमेपेक्षा बरीच कमी देऊन घ्यायची आणि कर्जदाराच्या खात्यात पूर्ण रकमेने वळती करायची. याला लोक ‘मॅचिंग’ म्हणत. भाव उतरत नाही असे ज्या बाजाराबद्दल सांगितले जाते, तिथे भाव उतरला होता. फक्त तो प्लॉटचा न उतरता ठेवीदाराच्या पावतीचा उतरला. त्याच काळातील दुसरी जखम म्हणजे जळगाव नगरपालिकेची घरकुल योजना. हजारो घरांचा संकल्प होता, त्यातली बहुसंख्य अपुरी राहिली, हुडको या घरबांधणीला कर्ज देणाऱ्या केंद्र सरकारी संस्थेच्या कर्जाचे ओझे शहराने अनेक वर्षे वाहिले, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये धुळ्याच्या विशेष न्यायालयाने या प्रकरणात ४८ जणांना दोषी ठरवले.

रोकड हा या बाजाराचा दुसरा खांब होता. खरेदीखतावर सरकारी भावाची रक्कम आणि उरलेली वरून, ही पद्धत इतकी रुळली होती की ‘एक नंबरचे किती’ हा प्रश्न उघडपणे विचारला जाई. १ जून २०१५ पासून स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास मनाई झाली. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी नोटाबंदी आली. १ मे २०१७ पासून महारेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करून त्यांच्यावर देखरेख ठेवणारे राज्याचे प्राधिकरण, आणि १ जुलैपासून जीएसटी. त्याच वर्षी गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला. त्या वेळच्या घरबाजारातील मंदीची कारणे देशभर या कायद्यांत शोधली गेली, पण खानदेशात बोंडअळीचा वाटा त्यांच्याइतकाच होता असे मानायला जागा आहे. महारेराचा परिणाम इथे मर्यादित राहिला, कारण जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा सदनिका आठपेक्षा जास्त नसतील तर नोंदणीची सक्ती नाही, आणि इथला बांधकाम व्यावसायिक बहुधा चार-सहा रो-हाऊसचाच असतो.

भाव कागदावर उतरू न देणारे एक कारण सरकारी आहे, आणि त्याची चर्चा फार कमी होते. मुद्रांक शुल्क निदान रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारने ठरवलेल्या बाजारमूल्याच्या, दराने तरी भरावे लागते आणि प्राप्तिकर खातेही तोच दर धरून चालते. रेकनरप्रमाणे ३० लाखांचे घर मंदीमुळे २६ लाखांना विकले, तर फरक प्राप्तिकरात चालवून घेतल्या जाणाऱ्या १० टक्क्यांच्या सवलतीपलीकडे जातो. मग विकणाऱ्याचा भांडवली नफा ३० लाखांवर मोजला जातो आणि उरलेले ४ लाख घेणाऱ्याचे उत्पन्न धरले जाते. शुल्क ३० लाखांवर द्यायचे ते वेगळेच. या हिशेबाने सुमारे २७ लाख २७ हजारांच्या खाली सौदा करणे दोघांनाही महाग पडते. रेकनरचे दर अनेक वर्षे स्थिर ठेवले गेले, तरी ते खाली आणले जाण्याचे प्रसंग विरळ आहेत, आणि २०२५-२६ साठी ते मुंबई वगळता राज्यात सरासरी सुमारे ४.३९ टक्क्यांनी वाढले.

मंदीत सौदा हलवायचा तर भावाखेरीज दुसरीकडे सूट द्यावी लागते, हे २०२० मध्ये दिसले. कोरोनाच्या टाळेबंदीनंतर राज्याने मुद्रांक शुल्कात सप्टेंबर ते डिसेंबर ३ टक्क्यांची आणि जानेवारी ते मार्च २०२१ मध्ये २ टक्क्यांची कपात केली. रिझर्व्ह बँकेने त्याआधीच मे २०२० मध्ये रेपो दर, म्हणजे बँकांना ती ज्या व्याजाने कर्ज देते तो दर, ४ टक्क्यांवर आणला होता. वर्षानुवर्षे अडलेली खरेदीखते त्या डिसेंबरात मार्गी लागली आणि दुय्यम निबंधकांच्या कचेऱ्यांपुढे रांगा लागल्या. यात मागणी नव्याने निर्माण झाली होती असे म्हणवत नाही. ज्यांनी इसार देऊन ठेवला होता ते एकदम आले, एवढेच.

आज घर विकायला काढणारा बहुधा तो वाडा किंवा बंगला बांधणारा नसतो. मुले पुण्याला, नाशिकला किंवा सुरतेला स्थायिक झालेली, आई-वडील गेलेले, आणि उताऱ्यावर भावंडांची सहा नावे. बहिणींची हक्कसोडपत्रे, जुनी फेरफार नोंद, बँकेचा न उतरवलेला बोजा यांतच वर्ष जाते. शेतजमिनीचे लहान तुकडे पाडायला मनाई करणाऱ्या तुकडेबंदी कायद्याच्या कचाट्यात सापडलेला गुंठेवारीचा प्लॉट असेल तर नियमितीकरण होईपर्यंत बँक कर्जही देत नाही. २३ जुलै २०२४ पासून भांडवली नफ्यावर १२.५ टक्के कर आहे, पण त्याआधी घेतलेल्या घराला महागाई निर्देशांकासह २० टक्क्यांचा जुना पर्यायही खुला आहे. जुन्या वाड्याची १ एप्रिल २००१ ची किंमत त्यासाठी मूल्यांककाकडून ठरवून घ्यावी लागते.

कल ओळखू पाहणाऱ्याने म्हणून शेजाऱ्याच्या तोंडचा भाव सोडून सूची क्रमांक २, म्हणजे नोंदलेल्या खतांचा सरकारी गोषवारा, पाहावी. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर त्याच गटातील किंवा सिटी सर्व्हेतील झालेले व्यवहार दिसतात, आणि किती महिन्यांत किती खते झाली हे मोजता येते. इसाराची मुदत तीन महिन्यांवरून वर्षावर गेली असेल तर बाजार थंड आहे, भाव काहीही सांगितला जात असो. दिवाळी ते आखाजी (अक्षय्य तृतीया) हा खरेदीखतांचा जुना हंगाम. तो कोरडा गेला की पावसाळ्यात फारसे काही घडत नाही. सध्याच्या खुणा परस्परविरोधी आहेत. रेपो दर २०२५ मध्ये टप्प्याटप्प्याने ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आला आणि पगारदाराचे कर्ज स्वस्त झाले. दुसरीकडे त्याच वर्षी १९ ऑगस्टपासून कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क वर्षअखेरपर्यंत माफ झाले आणि लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये असूनही खुल्या बाजारात शेतकऱ्याला तो मिळणे कठीण झाले. त्यामुळे कॉलेज रस्त्यावरचे दोन बेडरूमचे रो-हाऊस कर्जावर विकले जाते, आणि कापसाच्या पैशावर घेतला जाणारा त्याच रस्त्याच्या टोकाचा प्लॉट तिसऱ्या आखाजीची वाट पाहत तसाच पडून राहतो.