दोन काटे एकदम चुकतात तेव्हा

"साहेब, जुनी गाडी आहे, काटे असेच दाखवणार, लक्ष नका देऊ." हे वाक्य मी पुण्यात इतक्या गॅरेजमध्ये ऐकलंय की आता राहवत नाही म्हणून लिहितोय. जुन्या गाडीचा काटा मनाला येईल ते दाखवत नाही. त्याच्यापर्यंत जेवढी वीज पोचते तेवढाच तो हलतो, म्हणजे चुकीचं दाखवत असेल तर त्या चुकीलाही कारण असतं आणि ते शोधता येतं.

आमच्याकडे वडिलांची १९६० च्या दशकातली गाडी आहे, इंग्रजी घराण्यातली. गेल्या वर्षी तिचं डेंटिंग-पेंटिंग करून घेतलं, आतून डॅशबोर्डच्या पत्र्यालासुद्धा निळा रंग मारला, आणि पुढच्याच रविवारी कात्रजचा घाट चढताना टेंपरेचरचा काटा सरळ लाल पट्ट्यात. बाजूला घेतली, बोनेट उघडलं, तर वाफ नाही, पाण्याचा खळखळाट नाही, इंजिन शांत. घरी आल्यावर आत्या म्हणाली, "अरे, एवढी नवरीसारखी नटवलीत, नजर लागली तिला." दुसऱ्या दिवशी बंपरला लिंबू-मिरची लागली.

गॅरेजमध्ये रेडिएटर साफ झाला, टेंपरेचरचा सेन्सर नाना पेठेतून नवा आणून बसवला, फरक शून्य. मग सल्ला आला की थर्मोस्टॅट काढून टाका, आपल्याकडे कुठे बर्फ पडतो. याला मी नाही म्हणालो, कारण थर्मोस्टॅट हा काही फक्त थंड देशांसाठी नसतो, इंजिन लवकर ८० अंशांच्या पुढे नेऊन तिथेच ठेवणं हे त्याचं काम, आणि कायम गार चालणारं इंजिन पेट्रोल जास्त खातं आणि झिजतंही लवकर. शेवटी सकाळी गार इंजिनावर रेडिएटरचं झाकण काढलं, गाडी तशीच उघडी चालू ठेवली आणि लांब दांड्याचा थर्मामीटर पाण्यात सोडला. पाणी ८३ अंशांवर आलं आणि तिथेच राहिलं. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, इथे पाणी उकळतं ९८ अंशांच्या आसपास, म्हणजे उकळण्यापासून आपण बरेच लांब. काटा मात्र जरा ॲक्सिलरेटर दाबला की लाल पट्ट्याला टेकत होता.

आणि तेव्हा मला दुसरी गोष्ट दिसली, जी खरं तर आठवडाभर डोळ्यासमोर होती. पेट्रोलचा काटासुद्धा चढत होता! घरून निघताना अर्धी टाकी, स्वारगेट ओलांडेपर्यंत पाऊण. टेंपरेचर वाढलं की आपण घाबरतो, पेट्रोल जास्त दिसलं तर कोण तक्रार करतंय. पण न भरता पेट्रोल वाढत नाही, आणि टाकीत पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट मागे डिकीखाली, टेंपरेचरचा सेन्सर पुढे इंजिनवर, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. दोन लांबची माणसं एकाच वेळी एकच चूक करतायत म्हटल्यावर दोघांना सांगणारा कुणीतरी एक असला पाहिजे.

तो एक म्हणजे काडेपेटीपेक्षा लहान अशी एक पत्र्याची डबी, डॅशबोर्डच्या मागे, एका स्क्रूवर. व्होल्टेज स्टॅबिलायझर. टीव्ही-फ्रिजला लावतो तो नव्हे, हा फक्त या दोन काट्यांसाठी. इंग्रजी गाड्यांमध्ये १९६० च्या दशकात हे सर्रास आले, स्मिथ्स कंपनीचे मीटर आणि ही डबी ही जोडी ट्रायम्फ, एमजी अशा कित्येक गाड्यांत सापडते. मला या डबीचं इतकं कौतुक आहे की पुढचा बराच लेख तिच्यावरच जाणार आहे.

आधी मीटर समजून घेऊ. आत चुंबक वगैरे नाहीये. एक बायमेटलची पट्टी आहे, म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या पातळ पट्ट्या एकमेकींना चिकटवलेल्या. तापल्यावर एक जास्त लांब होते, दुसरी कमी, आणि दोघी चिकटलेल्या असल्यामुळे पट्टी वाकते. फरक किती असतो बघा, १ मीटर पितळ १०० अंशांनी तापवलं तर साधारण १.९ मिलिमीटर वाढतं, आणि इन्व्हार नावाचं लोखंड-निकेलचं मिश्रण जेमतेम ०.१२ मिलिमीटर. हे इन्व्हार शोधणारे शार्ल गियोम, त्यांना १९२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. बायमेटलची कल्पना त्याहून जुनी, अठराव्या शतकात जॉन हॅरिसन या घड्याळजीने समुद्रावरच्या घड्याळासाठी काढलेली. आपल्या घरात ती इस्त्रीच्या थर्मोस्टॅटमध्ये आहे आणि जुन्या ट्यूबलाइटच्या स्टार्टरमध्येही आहे, ट्यूब पेटण्याआधी टुकटुक करते ती हीच.

मीटरमधल्या पट्टीवर बारीक तार गुंडाळलेली असते. तारेतून करंट गेला की ती तापते, पट्टी वाकते, काटा सरकतो. करंट किती जाणार हे पलीकडचा सेन्सर ठरवतो. टाकीतला फ्लोट वर असेल तर रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, कमी, वीस-पंचवीस ओहमच्या घरात, टाकी रिकामी असेल तर अडीचशेच्या आसपास. टेंपरेचरच्या सेन्सरमध्ये असा पदार्थ असतो की तापेल तसा त्याचा रेझिस्टन्स उतरतो. म्हणून किल्ली फिरवल्यावर या गाड्यांचे काटे झटकन उठत नाहीत, वीस-तीस सेकंद घेत आळसावल्यासारखे वर येतात. ते बिघडलेले नसतात, तापत असतात. आणि या संथपणामुळेच वळणावर टाकीत पेट्रोल हिंदकळलं तरी काटा नाचत नाही.

आता अडचण अशी की तार किती तापणार हे व्होल्टेजच्या वर्गावर ठरतं. शाळेतलं सूत्र आहे, व्होल्टेजचा वर्ग भागिले रेझिस्टन्स. जुन्या डायनॅमोवाल्या गाडीत सिग्नलला उभं असताना बॅटरी एकटीच १२ व्होल्ट देते, पळायला लागली की डायनॅमो १४ च्या आसपास नेतो. १४ चा वर्ग १९६, १२ चा १४४. म्हणजे टाकीत तेवढंच पेट्रोल असताना पळत्या गाडीत मीटरची तार ३६ टक्के जास्त तापणार. असं मीटर कशाच्या कामाचं? म्हणून ती डबी, जी मीटरला कायम १० व्होल्टच मिळाल्यासारखं ठेवते.

ती हे कसं करते ते बघा, यात ट्रान्झिस्टर नाही, काही नाही. डबीतसुद्धा एक बायमेटलची पट्टी, तिच्यावरही तार गुंडाळलेली, आणि पट्टीच्या टोकाला एक कॉन्टॅक्ट. बॅटरीची वीज 'बी' टर्मिनलने आत येते, कॉन्टॅक्टमधून 'आय' टर्मिनलने मीटरकडे जाते, आणि जाता जाता थोडी या तारेतून अर्थला, म्हणजे गाडीच्या बॉडीला जाते. तार तापली, पट्टी वाकली, कॉन्टॅक्ट सुटला, वीज बंद. पट्टी गार झाली, कॉन्टॅक्ट जुळला, वीज चालू. हे दिवसभर. मीटर इतके संथ की त्यांना ही चालू-बंद कळतच नाही, त्यांना फक्त सरासरी ऊब कळते.

आणि इथे खरी गंमत आहे, जरा सावकाश वाचा. डबीतली पट्टी व्होल्टेज मोजत नाही, तीसुद्धा ऊबच मोजते. कॉन्टॅक्ट सुटायला ठरावीक ऊब लागते, तेवढी मिळाली की ती वीज तोडते. म्हणजे ती जे स्थिर ठेवते ते व्होल्टेजच्या वर्गाची सरासरी. १० चा वर्ग १००. बॅटरी १२ व्होल्टची असेल तर १०० भागिले १४४, म्हणजे कॉन्टॅक्ट ६९ टक्के वेळ जुळलेला. १४ झाले तर १०० भागिले १९६, ५१ टक्के वेळ. साधी सरासरी काढायला गेलात तर पहिल्या वेळी ८.३ आणि दुसऱ्या वेळी ७.१ व्होल्ट येतील, १० कुठेच नाही, तरीही मीटरच्या तारेला दोन्ही वेळा तंतोतंत सारखीच ऊब मिळते! नियंत्रण करणारा आणि ज्याचं नियंत्रण करायचं तो, दोघांना एकच भाषा कळते, उबेची. कागदावर ही गणितं करताना मी अक्षरशः खुर्चीतून उठून फेऱ्या मारल्या होत्या. म्हणूनच डिजिटल मल्टीमीटर लावलात तर आकडा १२, ०, १२ असा उड्या मारतो आणि लोक "स्टॅबिलायझर गेला" म्हणून चांगली डबी फेकून देतात. तिथे साधा टेस्ट लॅम्प, म्हणजे वायर जोडलेला छोटा दिवा लावावा, तो लुकलुकला की डबी जिवंत आहे.

आमचा दिवा लुकलुकला नाही. एकसारखा पेटून राहिला, म्हणजे कॉन्टॅक्ट सुटतच नव्हता.

का सुटत नसेल? एक तर कॉन्टॅक्ट चिकटलाय, नाहीतर पट्टी तापतच नाही. तापवणाऱ्या तारेचं दुसरं टोक बॉडीला जातं आणि ते कशातून, तर त्याच एका स्क्रूतून. मल्टीमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला धरलं, दुसरं डबीच्या पत्र्यावर. अर्थ चांगला असेल तर इथे ०.२ व्होल्टच्या आतच काहीतरी दिसायला हवं. दिसले जवळपास १२. डबी अर्थपासून पूर्ण तुटलेली होती.

स्क्रू काढला. खाली डॅशबोर्डच्या पत्र्यावर गुळगुळीत, चकचकीत निळा रंग, स्क्रूच्या भोकाच्या काठावरसुद्धा. रंग मारताना डबी उतरवली, सगळीकडे फवारा मारला, आणि सुकल्यावर डबी परत त्याच रंगावर कसली. रंग म्हणजे इन्सुलेटर. पट्टीला ऊब नाही, कॉन्टॅक्ट कायम जुळलेला, मीटरला सगळे १४ व्होल्ट. १९६ भागिले १००, जवळपास दुप्पट ऊब, पाव टाकीची अर्धी आणि अर्धीची भरलेली. सिग्नलला काटे जरा उतरायचे आणि पळताना चढायचे, रात्री हेडलाइट लावले की परत थोडे खाली, हे सगळं एका झटक्यात उलगडलं. पॉलिश पेपरचा तुकडा बोटावर गुंडाळून भोकाभोवती एका रुपयाच्या नाण्याएवढा गोल पत्रा उघडा केला, दातेरी वॉशर घातला, स्क्रू घट्ट केला, वरून जरासं ग्रीस, म्हणजे पावसाळ्यात गंज धरणार नाही.

आत्याचं निरीक्षण शंभर टक्के बरोबर होतं, हे मला मुद्दाम सांगायचंय. गाडी रंगवल्यानंतरच बिघडली. तो धागा आम्ही पहिल्याच दिवशी धरला असता तर रेडिएटर, सेन्सर कशालाच हात लावावा लागला नसता. पण नजरेवर गाडी अडली की पुढे काही शोधायचं उरत नाही, लिंबू बांधायचा आणि वाट बघायची. सिगारेट लायटरमध्ये खोचायच्या 'पेट्रोल बचत' यंत्रांचंही तेच. मी एक उघडून बघितलंय, आत एक एलईडी आणि दोन-चार किरकोळ पार्ट. गाडीच्या विजेत खरंच काही सुधारायचं असेल तर बॅटरीपासून बॉडीला आणि इंजिनपासून बॉडीला जाणारे अर्थचे पट्टे सोडवून, घासून परत लावा.

तुमच्या गाडीत असलं काही असेल तर एवढं बघा. एकच काटा चुकतोय तर त्या काट्याची वायर किंवा सेन्सर. सेन्सरची वायर सुटली की काटा शून्यावर पडतो, वायर बॉडीला लागली की पार टोकाला जातो. दोन्ही काटे मेले तर डबीचा कॉन्टॅक्ट जळलाय किंवा फ्यूज गेलाय, दोन्ही चढले तर डबीचा अर्थ, नाहीतर चिकटलेला कॉन्टॅक्ट. वायर बॉडीला टेकवून तपासायची असेल तर क्षणभरच टेकवा, डबीचा अर्थ नसेल तर मीटरची तार पूर्ण व्होल्टेजने जळू शकते, आणि पेट्रोलच्या टाकीपाशी ठिणगीचा खेळ अजिबात नको. डबी खरंच मेली असेल तर तपकीर गल्लीत ७८१० नावाची तीन पायांची आयसी मिळते, ती सरळ स्थिर १० व्होल्ट देते. फक्त तिला आत दोनेक व्होल्ट जास्त लागतात, बॅटरी उतरलेली असेल तर काटे थोडे कमी दाखवतील. आणि गाडी पॉझिटिव्ह अर्थची, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेली असेल, खूप जुन्या इंग्रजी गाड्या असायच्या, तर ही चालणार नाही, ७९१० लागते. जुन्या बाजारात रविवारी मूळ डब्यासुद्धा सापडतात, टेस्ट लॅम्प बरोबर न्या.

मागच्या आठवड्यात खंबाटकीचा घाट चढून आलो. टेंपरेचरचा काटा मधोमध. पेट्रोलचा काटा शिरवळपाशी पाव टाकीच्या खाली आला आणि कितीतरी दिवसांनी मी पंपावर वेळेत थांबलो.