तारखेचा सेल आणि पगाराचा सेल : फिलिपिन्सच्या ऑनलाइन बाजारातली एक गल्लत

फिलिपिन्समधल्या ग्राहकांसाठी जाहिराती आखताना बाहेरचा माणूस ज्या दोन गोष्टी सहज एकाच पोत्यात भरतो, त्या म्हणजे ९.९, ११.११ असे जुळ्या आकड्यांच्या तारखांना होणारे सेल आणि महिन्याच्या १५ तारखेला व महिनाअखेरीस होणारे ‘पेडे सेल’, म्हणजे पगाराच्या दिवसांचे सेल. दोन्ही सेल शॉपी, लझाडा आणि टिकटॉक शॉप या खरेदीच्या अ‍ॅपांवरच भरतात, दोन्हींत व्हाउचर आणि मोफत डिलिव्हरीचे आमिष असते आणि दोन्हींची चित्रेही तितकीच भडक असतात. साहजिकच एका सेलसाठी लिहिलेला मजकूर तारीख बदलून दुसऱ्यासाठी वापरण्याचा मोह होतो. पहिला सेल मात्र विकणाऱ्याच्या कॅलेंडरवर चालतो आणि दुसरा घेणाऱ्याच्या खिशावर, त्यामुळे हा मोह महागात पडतो.

तारखेच्या सेलची परंपरा आयात केलेली आहे. चीनमध्ये अलिबाबाने २००९ साली ११ नोव्हेंबरला सवलतींचा दिवस सुरू केला. आग्नेय आशियात २०१२ पासून धंदा करणाऱ्या लझाडाचा ताबा २०१६ साली अलिबाबाकडे गेला आणि सिंगापूरच्या शॉपीने ९.९ हा दिवस गाजवला. फिलिपिनो रीतिरिवाजांशी या आकड्यांचा काही संबंध नाही. अपवाद म्हणावा तर ९.९ चा, कारण तिथे नाताळाचे वातावरण १ सप्टेंबरपासूनच सुरू होते. त्या दिवशी नाताळाच्या गाण्यांसाठी प्रसिद्ध असलेले गायक जोसे मारी चॅन यांची मीम्स फेसबुकभर फिरू लागतात आणि ‘बर मन्थ्स’, म्हणजे नावाच्या शेवटी ‘बर’ असलेले सप्टेंबर ते डिसेंबर हे महिने, लागल्याची वर्दी मिळते. ९ सप्टेंबरच्या जाहिरातीत नाताळ आणला, तर तिथे कोणालाही ते घाईचे वाटत नाही.

पगाराच्या सेलचे मूळ कायद्यात आहे. फिलिपिन्सच्या कामगार संहितेनुसार वेतन किमान दर दोन आठवड्यांनी किंवा महिन्यातून दोनदा द्यावे लागते आणि दोन पगारांमध्ये १६ दिवसांपेक्षा जास्त अंतर चालत नाही. त्यामुळे बहुतेक नोकरदारांचा पगार १५ तारखेला आणि महिनाअखेरीस होतो, आणि ही तारीख रविवारी आली तर पैसे बहुधा आधीच्या शुक्रवारी जमा होतात. पगाराच्या शुक्रवारी मनिलात एटीएमपुढे रांगा लागतात आणि रस्ते तुंबतात. उलट पगाराच्या आधीच्या चार-पाच दिवसांना तिथे ‘पेत्सा दे पेलिग्रो’, म्हणजे धोक्याच्या तारखा, म्हणतात. आपल्याकडची महिनाअखेरची कडकी महिन्यातून एकदा येते, त्यांची दोनदा. या दिवसांत शाम्पूची बाटली न घेता पुडी घेतली जाते, मोबाइलमध्ये थोडाच ‘लोड’, म्हणजे प्रीपेड रिचार्ज, भरला जातो आणि जेवणाचे फोटो टाकणारेही रिकाम्या पाकिटावरचे विनोद टाकू लागतात.

आता दोन्ही वेळापत्रके शेजारी ठेवून पाहावीत. २.२ आणि ३.३ हे सेल महिनाअखेरच्या पगारानंतर लगेच येतात, म्हणजे नावाने ते तारखेचे असले तरी वागणुकीने पगाराचेच असतात. वर्ष जसे पुढे सरकते, तसा सेल पगारापासून दूर जातो, आणि सर्वांत गाजलेला ११.११ नेमका धोक्याच्या तारखांच्या तोंडावर येऊन पडतो. सरकारी कर्मचाऱ्यांचा वर्षअखेरचा बोनस १५ नोव्हेंबरच्या आधी देता येत नाही, म्हणजे त्यांच्याबाबतीत हा सेल बोनसच्या चारच दिवस आधी येतो.

तरीही त्या मध्यरात्री खरेदी होते, आणि त्यामागे कॅश ऑन डिलिव्हरीचा मोठा हात आहे. आठवडाभर कार्टमध्ये साठवलेल्या वस्तू बारा वाजता व्हाउचर लावून पक्क्या केल्या जातात, आणि पार्सल मनिलापासून दूरच्या विसाया किंवा मिंदानाओ बेटांवरच्या एखाद्या गावी पोहोचेपर्यंत पगार हाती आलेला असतो. पार्सल लवकर पोहोचले आणि घरी पैसे ठेवलेले नसले, तर डिलिव्हरीवाला ते परत नेतो. विक्रेते याला ‘आरटीएस’ (रिटर्न टू सेंडर) म्हणतात आणि त्याच्या नावाने बोटे मोडतात, कारण सवलत दिली, पॅकिंग केले आणि हाती काहीच आले नाही, असा तो प्रकार असतो. म्हणून ११.११ चे यश त्या रात्रीच्या ऑर्डरींवरून न मोजता पुढच्या दहा-बारा दिवसांत प्रत्यक्ष स्वीकारल्या गेलेल्या पार्सलांवरून मोजावे, असे माझे मत आहे. पेडे सेलमध्ये अनेकांच्या जीकॅश या मोबाइल वॉलेटात पैसे आलेलेच असतात, तेव्हा तिथे आगाऊ पैसे भरणाऱ्याला थोडी जास्त सवलत देणे शहाणपणाचे ठरते.

मजकुराचा सूरही यावरूनच ठरतो. दोन्हीकडे टागालोग-इंग्रजी मिश्रण चालते आणि अदबीचा ‘पो’ लागतो. त्यात फारसा फरक नाही. पण तारखेच्या सेलला घड्याळ, उलटी मोजणी आणि ‘आधी कार्टमध्ये टाका’ ही भाषा शोभते. पगाराच्या सेलला ‘डिझर्व्ह को तो’, म्हणजे हे माझ्या हक्काचे आहे, हा तिथल्या तरुणांचा आवडता पवित्रा लागू पडतो. मात्र पगारातून आधी वीजबिल आणि आईवडिलांचा वाटा बाजूला निघतो, हे ध्यानात ठेवून वस्तूची किंमत बेताचीच असावी.

डिसेंबरमध्ये हे गणित बदलते. १९७५ च्या अध्यक्षीय आदेश ८५१ अन्वये खाजगी नोकरदारांना तेराव्या महिन्याचे वेतन २४ डिसेंबरपर्यंत द्यावेच लागते, आणि ते आधीच मिळालेल्यांसाठी १२.१२ हा भरल्या खिशाचा सेल ठरतो. याशिवाय परदेशी काम करणाऱ्यांनी घरी धाडलेला पैसा असतोच. २०२३ साली तो ३३ अब्ज डॉलरहून अधिक होता. तो पैसा दुबई किंवा हाँगकाँगमधल्या पगारावर अवलंबून असल्यामुळे १५ आणि ३० तारखेचे वेळापत्रक पाळत नाही. अशा घरांत निवड मनिलाजवळची मुलगी करते आणि पैसे परदेशातली आई भरते, म्हणून त्यांच्यासाठीच्या जाहिराती पेडे सेलच्या दोन दिवसांत न कोंबता महिनाभर विखुरलेल्या ठेवाव्यात आणि त्यांतला काही खर्च परदेशातल्या फिलिपिनोंपर्यंत पोहोचण्यासाठी राखावा.