मूल युरोपियन, आई परदेशी: राहण्याचा हा हक्क आला कुठून

युरोपियन युनियनमधल्या कुठल्याही देशाचा नागरिक असेल त्याला युनियनचंही नागरिकत्व मिळतं, हे १९९३ पासून आहे, पण तान्ह्या बाळाला त्याचा काय उपयोग, हा प्रश्न नीट कोर्टासमोर आला तो एका चिनी बाईमुळे. तिने २००० साली बेलफास्टला, म्हणजे ब्रिटनच्या ताब्यातल्या उत्तर आयर्लंडमध्ये, मुलीला जन्म दिला, त्या काळी आयर्लंडच्या बेटावर कुठेही जन्मलं तरी मूल आयरिश होऊ शकायचं, मग मायलेकींना कार्डिफमध्ये राहायचं होतं आणि तेव्हा युनियनमध्येच असलेल्या ब्रिटनने नाही म्हटलं. ऑक्टोबर २००४ मध्ये लक्झेंबर्गच्या कोर्टाने, म्हणजे युनियनच्या सर्वोच्च न्यायालयाने, सांगितलं की पुरेसे पैसे आणि आजारपणाचा विमा असेल तर बाळ राहू शकतं, आणि सांभाळणारी आईच सोबत नसेल तर त्या हक्काला अर्थ काय? आयर्लंडने मात्र त्याच वर्षी जूनमध्ये सार्वमत घेऊन नुसत्या जन्मावर मिळणारं नागरिकत्व बंद करायचं ठरवलं होतं.

यात मूल दुसऱ्या देशात होतं. स्वतःच्याच देशातून कधी बाहेर न पडलेल्या मुलाचं काय, ते मार्च २०११ मध्ये ठरलं. बेल्जियममध्ये आश्रय नाकारलेला कोलंबियन बाप, मुलं बेल्जियन, बापाला राहायचा आणि कामाचा परवाना नाही. कोर्ट म्हणालं, बापाला हाकललं तर मुलांनाही युनियन सोडून जावं लागेल, म्हणजे नागरिकत्वाचा गाभाच गेला, म्हणून परवाने द्या. इथे पैशाची आणि विम्याची अट नाही. आपल्याकडे पोर्तुगीज पासपोर्टवाल्या गोंयकार घरांमध्ये हा फरक लक्षात ठेवायला हवा, कारण पोर्तुगीज मूल आयर्लंडमध्ये आईसोबत एकटं राहत असेल तर साधारणपणे २००४ चा रस्ता लागतो, पोर्तुगालमध्येच असेल तर २०११ चा.

खरा गुंता 'जावं लागेल' या शब्दांचा. नोव्हेंबर २०११ मध्येच कोर्टाने हात आखडता घेतला, कुटुंब एकत्र राहिलं तर बरं एवढं पुरत नाही, मुलाला अख्खं युनियन सोडायची पाळी यायला हवी. नेदरलँड्सने याचा फार कडक अर्थ लावला, डच बाप कुठेतरी आहे ना, मग मूल त्याच्याकडे राहू शकतं, आईने जावं! बाप तुरुंगात आहे किंवा वारला असं काही असेल तरच आईचा विचार. बाप मुलाला बघायलाही येत नाही, पैसे देत नाही, हे तिथलं सरकार धरायचंच नाही. अशा वेगवेगळ्या देशांतल्या आठ आयांचं प्रकरण लक्झेंबर्गला पोचलं, मुलं मुख्यतः किंवा पूर्णपणे त्यांच्याकडेच वाढणारी, आणि परवाना नाही म्हणून सरकारी भत्ते नाकारलेले. मला हे नेहमीच अन्यायाचं वाटत आलंय, कारण रात्री तापात मुलाजवळ बसणारी आई कागदावर कुठेच नव्हती.

१० मे २०१७ च्या निकालाने हे बदललं. दुसरा पालक सांभाळायला समर्थ आणि तयार आहे ही गोष्ट बघायची, पण तेवढ्यावर निकाल लावायचा नाही. मुलाचं वय, शारीरिक आणि भावनिक वाढ, दोन्ही पालकांशी असलेली जवळीक, आईपासून तोडलं तर मुलाच्या मनावर काय परिणाम होईल, हे सगळं तपासायचं. पुरावे आईनेच द्यायचे, पण सरकारनेही स्वतः चौकशी करायची. बऱ्याच जणी बापाचा पत्ताच लागत नाही म्हणून अडकायच्या, त्यांच्यासाठी हे शेवटचं वाक्य फार मोठं होतं.

आणि नेदरलँड्समध्ये जन्मलं म्हणून मूल डच होतं असं आपल्या आयटीवाल्यांमध्ये अजून कोणी कोणी समजतं, तसं नाहीये, आईबाप दोघं भारतीय असतील तर हा विषय सुरूच होत नाही.

ब्रिटनने २०११ चा रस्ता ब्रेक्झिटनंतर युनियनच्या नागरिकांना आणि त्यांच्या घरच्यांना राहू देणाऱ्या स्कीममध्ये काही काळ ठेवला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये नवीन अर्जांसाठी बंद केला. युनियनमध्ये उलट दार थोडं उघडलंय, २०२३ च्या जूनमध्ये थायलंडमध्येच वाढलेल्या डच मुलाच्या आईलाही, मूल तिच्यासोबत खरंच नेदरलँड्सला येऊन राहणार असेल तर, नुसतं 'मूल इथे कधी राहिलंच नाही' म्हणून नाकारता येत नाही असं ठरलं. त्याआधी सप्टेंबर २०२२ मध्ये वाद होता की हा हक्क तात्पुरता म्हणून पाच वर्षांनंतरच्या दीर्घ मुदतीच्या परवान्यासाठी मोजायचाच नाही का, तर कोर्टाने तो तात्पुरता नाही असं सांगितलं. मूल १८ चं झालं की अवलंबून असल्याचं दाखवणं फार अवघड, अगदी अपवादातच मान्य होतं, त्यामुळे आयांना ही पाच वर्षं मोजली जाण्याचं एवढं महत्त्व.