पिल्लाचे जंत आणि पिल्लाची लस

मांजरीच्या पिल्लाचे पोट फुगलेले दिसले की त्याची लस हमखास पुढे ढकलली जाते. ‘अंगात जंत असेपर्यंत लस लागू पडत नाही, आधी पोट साफ होऊ दे’ हा सल्ला अनेक घरांत ऐकायला मिळतो, आणि दीड-दोन महिन्यांच्या पिल्लाच्या बाबतीत अशी महिनाभराची दिरंगाई जीवघेणी ठरू शकते. जंत आणि प्रतिकारशक्ती यांचा संबंध आहे हे खरे, पण तो या सल्ल्यातल्यापेक्षा बराच वेगळा आहे.

पिल्लांची लस फुकट जाण्याचे नेहमीचे कारण जंत नसून आईकडून आलेली प्रतिपिंडे हे असते. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसातच पिल्लू चिकातून ती शोषून घेते. पुढचे काही आठवडे ती रोगाच्या विषाणूला अडवतात, तसेच लसीतल्या दुर्बल विषाणूलाही निष्प्रभ करतात. ही प्रतिपिंडे नेमकी कधी संपतील हे प्रत्येक पिल्लात वेगळे असते. म्हणून पॅनल्यूकोपेनिया (पांढऱ्या पेशी आणि आतडे यांवर घाला घालणारा मांजरांचा जीवघेणा आजार), हर्पिस आणि कॅलिसी या तीन विषाणूंवरची एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून पिल्लू किमान सोळा आठवड्यांचे होईपर्यंत दर दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा दिली जाते.

जंतही पुष्कळदा आईकडूनच येतात. टॉक्सोकारा काटी या गोल जंताच्या अळ्या मांजरीच्या दुधातून पिल्लाच्या पोटात जाऊ शकतात. ‘दुधाने जंत होतात’ या समजुतीत एवढाच सत्याचा अंश आहे. गाईच्या दुधाने पिल्लाला हगवण लागू शकते, जंत होत नाहीत. म्हणूनच जंताचे औषध तिसऱ्या आठवड्यापासून, दर पंधरा दिवसांनी, दूध सुटून काही दिवस उलटेपर्यंत देतात.

आता आतड्यात काय घडते ते पाहू, कारण या विषयातला सर्वांत विलक्षण भाग तोच आहे. आतड्याच्या अस्तरात टफ्ट पेशी नावाच्या विरळ पेशी असतात. त्या जंतांची चाहूल घेतात, हे उंदरांवरील प्रयोगांतून २०१६ मध्ये स्पष्ट झाले. चाहूल लागताच त्या इंटरल्यूकिन-२५ हे संदेशद्रव्य सोडतात; त्याने जागी झालेली अस्तराखालची प्रतिकारपेशी इंटरल्यूकिन-१३ सोडते, आणि त्यामुळे चिकट स्राव वाढतो, आतड्याचे स्नायू जोराने आकुंचन पावतात आणि अस्तराच्या तळाशी असलेल्या खळग्यांतल्या पेशी अधिक वेगाने विभागू लागतात. नव्या पेशी खालून वर सरकतात, जुन्या टोकाशी गळून पडतात, आणि हा सरकता जिना जितका वेगवान तितके अस्तराला चिकटलेल्या जंताला जागा टिकवणे कठीण. जंत हाकलण्याची ही युक्ती उंदरांमध्ये २००५ मध्ये दाखवून देण्यात आली.

हाच वेग पॅनल्यूकोपेनियाच्या विषाणूच्या पथ्यावर पडतो. हा पार्व्होविषाणू आहे. त्याचा सगळा जनुकसंच जेमतेम पाच हजार अक्षरांचा असून डीएनएची नक्कल करणारे स्वतःचे विकर (एन्झाइम) त्याच्याजवळ नाही. विश्रांत पेशीला तो विभाजनासाठी उद्युक्तही करू शकत नाही. पेशी आपणहून विभागायला निघाली तरच त्याची वाढ होते. म्हणून तो अस्थिमज्जा आणि आतड्याचे खळगे या सदैव विभागणाऱ्या ठिकाणांवर तुटून पडतो. सूक्ष्मजीवविरहित वातावरणात वाढवलेल्या मांजरांना प्रयोगशाळेत हा विषाणू दिला तेव्हा त्यांच्या पांढऱ्या पेशी घटल्या, पण आतड्याची हानी सौम्य राहिली, कारण अशा आतड्यात पेशींचे विभाजन मुळातच संथ असते. जंतांनी भरलेल्या आतड्यात परिस्थिती नेमकी उलटी असते. कुत्र्यांच्या पार्व्होमध्येही आतड्यातले जंत आजार बळावण्याचे एक कारण मानले जातात.

थोडक्यात, ज्या पिल्लाला जंत आहेत त्याला लसीची गरज अधिक असते. मग जंतांमुळे लस कमी लागू पडते, हे अगदीच खोटे आहे का? नाही. इक्वाडोरमध्ये जंत झालेल्या मुलांना अल्बेंडाझोल हे जंतनाशक दिल्यावर पटकीच्या तोंडावाटे देण्याच्या लसीला त्यांचा प्रतिसाद सुधारला, हे २००० मध्ये प्रसिद्ध झाले. डुकरांमध्येही गोल जंतांमुळे फुप्फुसाच्या एका आजारावरील लसीचा प्रभाव घटल्याचे आढळले आहे. आपल्याला थारा मिळावा म्हणून जंत यजमानाचा प्रतिसाद शमवतात, त्याचा फटका शेजारच्या लढाईलाही बसतो. मात्र युगांडात गर्भवतींना जंतनाशके दिलेल्या मोठ्या चाचणीत त्यांच्या बाळांच्या लसींना मिळणाऱ्या प्रतिसादात फरक पडला नाही. प्रतिसाद काहीसा उणावणे आणि लस निरुपयोगी ठरणे यांत मोठे अंतर आहे.

तेव्हा एकासाठी दुसरे अडवू नये. पिल्लू खेळते आहे, खाते आहे, ताप नाही, तर एकाच भेटीत पशुवैद्याकडून वजनानुसार जंताचे औषध आणि लस दोन्ही घेता येतात. ते मलूल असेल किंवा त्याला जुलाब-उलट्या होत असतील तर लस थांबवायची की नाही, हे पशुवैद्यानेच तपासून ठरवावे. जंतांसाठी घरगुती उपाय म्हणून लसूण मात्र कदापि देऊ नये. लसणाने मांजराच्या तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिन बिघडते, त्या पेशी फुटतात आणि जंतांमुळे आधीच अशक्त असलेल्या पिल्लाला रक्तक्षय होतो.